मधल्या फळीतला वस्ताद



विषय निवडण्याची मोकळीक या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला दिली होती. मी फुटबॉल म्हटल्यावर त्यांच्यातल्या एकाने विचारलं, की मुळशी तालुका कुस्तीचा, इथे फुटबॉल ऐकायला कोण येणार? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र केसरीची परंपरा उभी करणारे मामासाहेब मोहोळ याच मातीतले. पण मी हा विषय इथे आणला तो त्याच कारणाने. मला आज गोलांबद्दल कमी बोलायचं आहे आणि वस्तादाबद्दल जास्त.

तालमीच्या गावाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक मोठा मल्ल वस्ताद होत नाही. स्वतःला डाव येणं निराळं आणि समोरच्या पोराच्या अंगाला कोणता डाव बसेल हे ओळखणं निराळं. फुटबॉलमध्येही हेच आहे. आयर्लंडचा रॉय कीन घ्या. कॉर्क शहरातला मुलगा, मधल्या फळीचा खेळाडू, मँचेस्टर युनायटेडचा 1997 ते 2005 असा कर्णधार. त्याच्याइतका कडक कर्णधार त्या पिढीने पाहिला नाही. 2006च्या ऑगस्टमध्ये तो सुंदरलँडचा मॅनेजर झाला. संघ दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी होता. त्याच मोसमात कीनने ती श्रेणी जिंकून दाखवली. सगळे म्हणाले, बघा, मोठा खेळाडू मोठा मॅनेजर झाला. 2008च्या डिसेंबरात त्याने सुंदरलँड सोडलं. पुढे इप्सविचला गेला आणि 2011च्या जानेवारीत तिथूनही त्याला जावं लागलं. नंतर आयर्लंडच्या संघात मार्टिन ओनील यांचा सहायक. खेळाडू म्हणून जे शिखर होतं, त्याच्या जवळपासही तो मॅनेजर म्हणून पोहोचला नाही.

मग प्रशिक्षक घडतो कुठे? मैदानावरच्या कीर्तीतून घडत नसेल, तर कशातून?

याचं उत्तर मला आपल्या मुंबईतल्या एका माणसाच्या कारकिर्दीत सापडतं. त्यांचं नाव खालिद जमील. तेही मधल्या फळीचे खेळाडू. 1 ऑगस्ट 2025 रोजी ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्याआधी या खुर्चीवर शेवटचे भारतीय होते गोव्याचे सावियो मदेरा, 2011-12 मध्ये. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ आपण प्रशिक्षक परदेशातून आणत होतो. मी आज तीन जागांबद्दल बोलेन: कंपन्यांच्या संघांची मुंबई, मुंबई एफसी नावाचा गरीब क्लब आणि मिझोराममधलं ऐजॉल. मग राष्ट्रीय संघाकडे येईन. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जमील यांचं नाव देशाला कळलं ते ऐजॉलमुळे, पण ते घडले मुंबईत. मुंबई एफसीच्या सात वर्षांत त्यांना एकही करंडक मिळाला नाही, आणि प्रशिक्षकाचं खरं शिक्षण तिथेच झालं.

तर आधी मुंबई.

जमील यांचा जन्म 1977चा, कुवेतमधला. कुटुंब मूळ पंजाबी. तिथे लहान मुलांच्या एका शिबिरात त्यांना फ्रान्सचा मिशेल प्लातिनी भेटला, आणि तोच त्यांचा आदर्श झाला. प्लातिनीही मधल्या फळीचाच, हे लक्षात ठेवा. आखाती युद्धाच्या धामधुमीत कुटुंब भारतात आलं आणि मुलगा मुंबईच्या मैदानांवर खेळू लागला.

ती मुंबई कशी होती? कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप चालायचा, 1891 पासूनचा. शहराचा फुटबॉल कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या जिवावर उभा होता. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, आरसीएफ, बँक ऑफ इंडिया, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, महिंद्रा, एअर इंडिया. खेळाडूला नोकरी असे. पहाटे सराव, मग ऑफिस, स्पर्धेच्या काळात सुट्टी. पगार मोठा नव्हता, पण महिन्याच्या महिन्याला येत होता, आणि पाय मोडला तरी घरातली चूल विझत नव्हती. आज आपण कंपनीच्या संघांकडे जुनाट म्हणून बघतो. मला ते बरोबर वाटत नाही. गिरगाव, वांद्रे, माहीम, कुर्ला इथल्या सामान्य घरांतल्या मुलांना आईवडील फुटबॉल खेळू देत, कारण त्याच्या शेवटी नोकरी दिसत होती. गावाकडे पोलीस भरतीच्या आशेने मुलगा पहाटे पळायला जातो, त्यामागे हाच हिशेब असतो.

जमील 1997 मध्ये महिंद्राकडे आले. मग 1998 ते 2002 एअर इंडिया, मग पुन्हा महिंद्रा, 2007 पर्यंत. कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांकडून, मोहन बागान आणि ईस्ट बंगालकडून, त्यांना बोलावणं आलं होतं. संघांना मद्यकंपन्यांचं प्रायोजकत्व होतं म्हणून ते गेले नाहीत. भारतीय फुटबॉलपटूला कोलकात्याहून मोठा मंच तेव्हा नव्हता. तो त्यांनी सोडला. पटो न पटो, हा माणूस एकदा ठरवलं की ठरवलं, एवढं यातून कळतं.

आता मधल्या फळीच्या खेळाडूचं काम काय असतं, ते मुलांसाठी जरा सांगतो. मोठ्यांनी धीर धरावा. आघाडीवाल्याच्या पुढे गोलपोस्ट असतो, बचाववाल्याच्या मागे. दोघांनाही आपली दिशा ठाऊक असते. मधल्याला दोन्हीकडे बघावं लागतं. चेंडू पायाशी येण्याआधी त्याने मान वळवून मागे कोण आहे ते पाहून घेतलेलं असतं. ती मान न वळवणारा या जागेवर फार दिवस टिकत नाही. गोल होतो तेव्हा गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं. त्याला पास देणाऱ्याचंही कधीमधी येतं. त्या पासच्या आधी चेंडू हिसकावून बाजूला कोणी सरकवला, हे कोणी लिहीत नाही. ते काम मधल्याचं. दहा-बारा वर्षं जो माणूस दर क्षणी दोन्ही बाजूंचे गडी मोजत खेळतो, त्याच्या डोळ्यांना सवय लागते. प्रशिक्षकाला पुढे हीच सवय कामी येते. सावियो मदेराही मधल्या फळीतलेच होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

याच काळात महिंद्रा युनायटेडने 2003 आणि 2005 चा फेडरेशन कप आणि 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. लीग जिंकली तेव्हा प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. पुढे ते पुणे एफसीलाही आले. मुंबईत खेळणाऱ्या मुलाला आपला माणूस देशाची लीग जिंकून देतो हे डोळ्यांनी दिसत होतं. याची किंमत पैशांत करता येत नाही.

आता दुसरी जागा, मुंबई एफसी.

2007 मध्ये हा क्लब निघाला. इंग्लंडचे डेव्हिड बूथ प्रशिक्षक. 2008 मध्ये त्यांनी दुसरी श्रेणी जिंकली आणि संघ आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या वरच्या श्रेणीत, आला. जमील तिथे खेळाडू म्हणून आले, पण दुखापतींनी पाठ धरली होती. 2009 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी, बूट उतरवून ते थेट त्याच संघाचे प्रशिक्षक झाले.

विचार करा. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एका खोलीत कपडे बदलले, त्यांतल्याच कोणाला आज सांगायचं की तू उद्या बाहेर बसणार. पैसा थोडा. गोव्याचे आणि कोलकात्याचे क्लब चांगले खेळाडू उचलून न्यायचे. कूपरेजचं काम निघालं तेव्हा मुंबईच्या या संघाला घरचं मैदानही उरलं नाही. तेव्हा ते आपल्या बालेवाडीत येऊन ‘घरचे’ सामने खेळले. पुणे एफसीचंही मैदान तेच. दोघांच्या लढतीला ‘महा-डर्बी’ म्हणायचे. डर्बीचं नाव मोठं होतं, पण बालेवाडीचं ते अवाढव्य स्टेडियम बहुतेक वेळा रिकामं असायचं. घरच्या मैदानावर घरचे प्रेक्षक नाहीत, अशा अवस्थेत मुलांना खेळायला उभं करायचं.

आणि लीगचा नियम क्रूर. तळाला जाल तर खालच्या श्रेणीत ढकलले जाल. खालच्या श्रेणीत गेलेला गरीब क्लब पुन्हा वर येईलच असं नाही, बंदच पडण्याची शक्यता जास्त. म्हणजे प्रत्येक मोसमात पंचवीस मुलांच्या नोकऱ्या या एका माणसाच्या संघनिवडीवर टांगलेल्या.

सात मोसम. सात मोसम जमील यांनी मुंबई एफसी वरच्या श्रेणीत ठेवली. जेतेपदाच्या शर्यतीत हा संघ कधी नव्हता, पण खालीही गेला नाही. कसं केलं? बचाव दाट ठेवायचा. चेंडू आपल्याकडे किती वेळ आहे याची फिकीर करायची नाही. समोरचा पुढे आला की त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत वेगाने घुसायचं. फ्री-किक आणि कॉर्नर यांची तयारी करून ठेवायची, कारण कमी पैशात गोल तिथूनच येतो. बड्या संघाशी बरोबरी झाली तरी एक गुण मिळतो, आणि मोसमाच्या अखेरीला तोच एक गुण संघ वाचवतो. देखणा खेळ नाही, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. टीका खोटी नाही. पण ज्याच्या घरात पाच माणसं आणि तीन भाकरी आहेत, त्याच्या ताटाच्या सजावटीवर बोलणाऱ्याने आधी त्या घराचा हिशेब पाहावा.

2016 मध्ये मुंबई एफसीने त्यांना निरोप दिला.

पुढचं ऐका. 2016-17 च्या मोसमात मुंबई एफसी लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर गेली आणि खालच्या श्रेणीत ढकलली गेली. आणि त्याच मोसमात ती लीग जिंकली कोणी? खालिद जमील यांच्या ऐजॉल एफसीने.

ही तिसरी जागा. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मिझोरामची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार अकरा लाखांच्या आत. आपल्या पुणे शहराच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. त्यांच्या राजधानीचा क्लब 2015-16 मध्ये पहिल्यांदा आय-लीगमध्ये आला आणि नऊ संघांत आठवा राहिला. नववा, म्हणजे शेवटचा, होता आपल्या पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण पुण्याच्या संघाला थेट प्रवेश मिळालेला असल्याने घसरणीपासून संरक्षण होतं. म्हणून तळाचा संघ वर राहिला आणि त्याच्या वरचा ऐजॉल खाली गेला. आपण पुणेकरांनी ही गोष्ट विसरू नये. पुढे गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतली, जागा रिकामी झाली आणि ऐजॉलला परत बोलावलं गेलं. लीगमध्ये असणंच ज्यांना उसनं मिळालेलं, असा तो संघ.

मोसमाच्या तोंडावर जमील तिथे पोचले. बरोबर मुंबई एफसीतून ओळखीची झालेली मुलं होती: जयेश राणे, आशुतोष मेहता. गोलरक्षक गोव्याचा आल्बिनो गोम्स. सीरियाचा महमूद अल-आमना, लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान. आणि बाकी बहुतेक मिझो पोरं. भाषा वेगळ्या, देव वेगळे, जेवण वेगळं. जमील फार बोलणारे नाहीत. पत्रकारांना त्यांच्याकडून दोन वाक्यांवर तिसरं मिळत नाही. तरी हा गोतावळा एक झाला. कसा? मला वाटतं, प्रत्येकाला त्याचं काम स्पष्ट माहीत होतं म्हणून. मुंबईत सात वर्षं टंचाईत काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली असते: खेळाडूला जे येतं तेवढंच त्याच्याकडून मागायचं, आणि ते मात्र शंभर टक्के मागायचं.

22 एप्रिल 2017. ऐजॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर मोहन बागान आलेलं. दोघेही अग्रस्थानासाठी भिडलेले. डोंगरउतारावर माणसंच माणसं. गोल होईना. सामना संपत आला, आणि एका कॉर्नरवर झोमिंगलियाना राल्तेने डोकं लावलं. 1-0. बचावाचा खेळाडू, कॉर्नर, उशिराचा गोल. मुंबईत शिकलेला सगळा धडा त्या एका उडीत होता.

30 एप्रिल, शेवटचा दिवस. शिलाँगला लाजाँगविरुद्ध सामना. एक गुण हवा होता. नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या दिपांदा डिकाने गोल केला. तिकडे मोहन बागानने आपला सामना जिंकला. म्हणजे हरलं की गेलं. पूर्वार्ध संपला, दुसरा अर्ध सुरू झाला. 67व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, आणि उरलेला वेळ या संघाने ती बरोबरी दातांत धरून ठेवली. ऐजॉल 37 गुण, मोहन बागान 36. एका गुणाने. ईशान्येकडच्या संघाने देशाची लीग जिंकण्याची ही पहिली वेळ.

बरोबरीचा तो एक गुण! ज्याने सात वर्षं एकेक गुण जपून मुंबईचा संघ वाचवला, त्याला देशाचं विजेतेपद मिळालं तेही एका गुणाने आणि बरोबरीतून. म्हणून मी म्हणतो, की या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

(जाता जाता सांगतो: त्या विजेत्यांना नंतर आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, जागा मिळाली नाही. क्लबने उपोषणाचा इशारा दिला तरी नाही. पैशाने विकत घेतलेल्या जागा होत्या, मैदानावर जिंकलेल्यांना तिथे दार नव्हतं. मला याचा आजही राग येतो.)

पुढची काही वर्षं मी झपाट्याने ओलांडतो. ईस्ट बंगालबरोबर एक मोसम, चौथा क्रमांक. मग काही महिने मोहन बागान. खेळाडू म्हणून ज्या दोन क्लबांना नकार दिला, त्या दोन्हींचे ते प्रशिक्षक झाले, पण कोलकात्याने त्यांना फार दिवस ठेवलं नाही. मग गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड. तिथे ते सहायक होते. 2021 च्या जानेवारीत परदेशी प्रशिक्षकाला हटवलं आणि उरलेली लीग जमील यांच्या हाती आली. एकही सामना न हरता त्यांनी संघ तिसऱ्या क्रमांकावर आणला. आयएसएलमध्ये बाद फेरीपर्यंत संघ नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. त्याच वर्षी ऑक्टोबरात कायम मुख्य प्रशिक्षक झाले, तोही मान पहिल्या भारतीयाचा. आणि त्या पूर्ण मोसमात संघ अकरांत दहावा आला. हेही सांगायला हवं. मधूनच हाती आलेला संघ सावरणं आणि स्वतः पहिल्या दिवसापासून संघ बांधणं या दोन परीक्षा आहेत. दुसरीत ते तेव्हा नापास झाले.

मग जमशेदपूर. टाटांचं गाव, पुन्हा एकदा कंपनीच्या आधाराने उभा असलेला फुटबॉल. 2024-25 मध्ये संघ पाचवा, उपांत्य फेरीत मोहन बागानशी गाठ. पहिला सामना जमशेदपूरने 2-1 असा जिंकला. 7 एप्रिल 2025 ला कोलकात्यात दुसरा. मोहन बागान 1-0 ने पुढे, एकूण बरोबरी, निर्धारित वेळ संपलेली. तेवढ्यात दुरून एक फटका आला आणि जाळ्यात गेला. फटका मारणारा कोण? मिझोरामचा लालेंगमाविया, ज्याला सगळे अपुइया म्हणतात. नॉर्थईस्टच्या त्या मोसमात जमील यांच्या हाताखाली मधल्या फळीत खेळलेला विशीचा पोरगा. पट्ठ्याने वस्तादाला चीत केलं. तालमीत अशा वेळी वस्तादाला काय वाटतं, ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

आता राष्ट्रीय संघ. जमील यांच्याआधी स्पेनचे मानोलो मार्केझ होते. वर्षभरात आठ सामने, विजय एक. त्याच मार्केझ यांच्या एफसी गोवाने मे 2025 मध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात जमशेदपूरला 3-0 हरवलं होतं. तीन महिन्यांत त्यांच्या जागी जमील आले. आणि संघ कोणत्या अवस्थेत? आयएसएल बेमुदत लांबलेली, खेळाडूंच्या पायांत सामने नाहीत, मोहन बागानने पहिल्या शिबिराला माणसं पाठवली नाहीत. टंचाई! म्हणजे जमील यांचं नेहमीचंच घर.

ऑगस्टअखेर ताजिकिस्तानात काफा नेशन्स कप, मध्य आशियाई संघटनेची स्पर्धा. आघाडीचा खेळाडू सुनील छेत्री संघात नाही. यजमानांना त्यांच्याच मैदानावर 2-1 हरवलं. दोन्ही गोल बचावपटूंचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन. बघा, पुन्हा तेच. इराणकडून हार, अफगाणिस्तानशी बरोबरी, आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवलं. लोकांना वाटलं, जमलं.

मग ऑक्टोबर. आशियाई चषकाची पात्रता. सिंगापुरात झिंगनला लाल कार्ड मिळाल्यावर दहा गड्यांनिशी 1-1. मडगावात फातोर्डाला लालियानझुआला छांगतेने पुढे नेलं, पण सामना 1-2 हरलो आणि पात्रता गेली. 18 नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडूनही 0-1. पहिल्या चार महिन्यांचा हिशेब हा असा. मी तो झाकणार नाही. फातोर्डात घरच्या प्रेक्षकांसमोर आघाडी घेऊन सामना पुढे खेचण्याऐवजी संघ मागे सरकत गेला, असं मला दिसलं. टिकवण्याची कला तिथे अपुरी पडली. जिथे जिंकावंच लागतं तिथे काय करायचं, हे जमील यांना अजून दाखवायचं आहे. पण त्यासाठी त्यांना वेळ द्यायला हवा. हैदराबादच्या रहीम साहेबांना, सय्यद अब्दुल रहीम यांना, या देशाने वेळ दिला होता. शाळेतला शिक्षक माणूस तो. 1951 आणि 1962 चं आशियाई सुवर्ण, 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. परदेशी प्रशिक्षक बारा महिने हरला तर आपण म्हणतो, व्यवस्था वाईट आहे. आपला माणूस चार महिन्यांत हरला तर म्हणतो, याला येत नाही. हा न्याय कुठला?

शेवटचं बोलतो. ज्या मैदानांवर जमील घडले त्यांचं आज काय झालं आहे? रोव्हर्स कप 2001 नंतर भरला नाही. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद. पुणे एफसी 2015 मध्ये बंद. डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये लीगबाहेर. मुंबई एफसीही संपली. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गेली. मुंबई ते पुणे या पट्ट्यात एका दशकात इतके संघ मिटले. प्रत्येक संघाबरोबर एक तिशीतला, गुडघा दुखणारा, मधल्या फळीत खेळलेला माणूस घरी गेला. त्याच्या हाती कोणी कमी पैशाचा संघ दिला असता, सात वर्षं चुका करू दिल्या असत्या, तर त्यातून दुसरा जमील निघाला असता. ते संघ आपल्याला इथून परत आणता येणार नाहीत. पण प्रशिक्षकांची शिडी अजून आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी परवान्यापासून ती सुरू होते आणि सी, बी, ए करत जमील यांच्याकडे आहे त्या प्रो परवान्यापर्यंत जाते. डी चा अभ्यासक्रम थोड्या दिवसांचा असतो, आणि देशाकडून खेळलेलं असलं पाहिजे अशी त्याला अट नाही. इथे बसलेल्या क्रीडाशिक्षकांपैकी, किंवा मागे उभ्या असलेल्या तरुणांपैकी, कोणाला तो करायचा असेल तर आभारप्रदर्शनानंतर मला भेटा. अर्ज कुठे आणि कसा करायचा, ते मी बसून सांगतो.